बांधणी बंद करू नका

"आता सगळं ऑनलाइन मिळतं हो, कशाला ठेवायचं हे?"

हे वाक्य गेल्या वर्ष-दीड वर्षात मी तीन वेगवेगळ्या महाविद्यालयांत ऐकलं. एकदा प्राचार्यांकडून, एकदा अकाउंटंटकडून आणि एकदा (हे जास्त लागलं) खुद्द ग्रंथपालांकडून. तिन्ही वेळा बोट एकाच दिशेला होतं, नियतकालिक विभागातल्या कपाटांकडे. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, ग्रंथालयशास्त्र शिकलेलो नाही. पण "ऑनलाइन आहे" म्हणजे नक्की काय असतं ते सर्व्हरच्या मागच्या बाजूने रोज बघतो. म्हणून या वाक्याचा मला राग येतो. आज त्या रागाबद्दलच. लेख लांबेल, चहा घेऊन बसा.

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी ऑनलाइन जर्नल्सच्या विरोधात नाही. उलट मराठवाड्यासारख्या भागाला त्यांचा जेवढा फायदा झाला तेवढा क्वचितच कुणाला झाला असेल. पूर्वी औरंगाबादच्या संशोधकाला एखादा पेपर हवा असला की पुण्या-मुंबईतल्या मित्राला झेरॉक्स काढून पाठव म्हणून गळ घालावी लागे, नाहीतर थेट परदेशातल्या लेखकाला 'आपल्या लेखाची प्रत पाठवावी' असं कार्ड टाकायचं आणि महिनाभर पोस्टमनची वाट बघायची. २००४ पासून यूजीसी-इन्फोनेटमधून विद्यापीठांना ई-जर्नल्स मिळायला लागली. २०१० मध्ये एन-लिस्ट आलं आणि थोड्याशा वार्षिक शुल्कात महाविद्यालयांनाही दार उघडलं. डिसेंबर २०१५ मध्ये हे सगळं 'ई-शोधसिंधू' या एका नावाखाली आलं. आणि मग मोठी उडी: २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. १ जानेवारी २०२५ पासून ते सुरू झालं. ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स, ६,३०० हून जास्त सरकारी संस्था, अंदाजे १.८ कोटी विद्यार्थी, प्राध्यापक आणि संशोधक. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. खाजगी संस्था पुढच्या टप्प्यावर ढकलल्या आहेत, तो वेगळा वाद. पण सरकारी विद्यापीठातल्या रसायनशास्त्राच्या पोराला आता सायहबचा चालू असलेला पत्ता शोधत बसायला नको. (तसाही ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सायहब ब्लॉक करायचा आदेश दिलाच.) चांगली गोष्ट आहे. टाळ्या.

आता दुसरी बाजू. त्याच विद्यापीठात, रसायनशास्त्राच्या शेजारच्या इमारतीत, एखादी मुलगी मराठी विषयात पीएच.डी. करते आहे असं समजा. विषय घेऊया 'अस्मितादर्श'. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये इथे महाविद्यालय काढलं, पुढे त्याचं नाव मिलिंद पडलं. तिथे आणि नंतर विद्यापीठाच्या मराठी विभागात शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे सरांनी साठच्या दशकाच्या अखेरीस हे त्रैमासिक सुरू केलं आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं ते चालवलं. मार्च २०१८ मध्ये सर गेले. आज ज्यांची पुस्तकं एम.ए.च्या अभ्यासक्रमाला लावलेली असतात अशा कितीतरी दलित लेखकांचं सुरुवातीचं लेखन या अंकांत आहे. पुस्तकात आलेलं लेखन मिळेल हो. पण पुस्तकात न आलेलं? वाचकांची पत्रं, वाद-प्रतिवाद, लेखक-वाचक मेळाव्यांचे वृत्तांत, अगदी छोट्या गावातल्या कुणाची तरी एकुलती एक कविता? त्यासाठी मूळ अंकच हवा.

तर या मुलीसाठी त्या १३,००० मध्ये काय आहे? ३० पैकी जवळजवळ सगळे प्रकाशक आंतरराष्ट्रीय. मराठी त्रैमासिक काढणारा त्यात कोणी असण्याचा प्रश्नच येत नाही. मराठवाडा साहित्य परिषदेचं 'प्रतिष्ठान' त्यात नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचं 'नवभारत' नाही. मराठी अभ्यास परिषदेचं 'भाषा आणि जीवन' नाही. महाविद्यालयांचे वार्षिकांक वगैरे तर सोडूनच द्या. तिला लॉगिन केल्यावर दलित साहित्यावर लंडनहून आणि न्यूयॉर्कहून छापलेले इंग्रजी लेख मिळतील, आणि ते लेख ज्या अंकांचा हवाला देतात ते अंक तिच्याच गावात मिळतील की नाही याची खात्री नाही. आता बोला!

तुम्ही म्हणाल, यात ऑनलाइन योजनेचा काय दोष? ती त्यासाठी नव्हतीच. मान्य. माझं भांडण योजनेशी नाहीच. योजनेचा आधार घेऊन ग्रंथालयांत जे चाललं आहे त्याच्याशी आहे. ते समजायला नियतकालिक विभाग कसा चालतो ते थोडं सांगावं लागेल, कारण खरी गोम तिथे आहे.

छापील नियतकालिकाची वर्गणी आगाऊ भरतात. अंक आला की कार्डेक्सवर (ते आडव्या खणांचं लोखंडी कपाट, ज्यात प्रत्येक नियतकालिकाचं एक कार्ड असतं) त्या महिन्याच्या चौकोनात खूण होते. अंक तिरप्या फळीच्या रॅकवर लागतो. नवा अंक आला की जुना त्याच फळीच्या मागच्या कप्प्यात जातो. एखादा अंक आला नाही तर संपादकाला किंवा एजंटला स्मरणपत्र. ते वेळेत गेलं नाही तर अंक संपतो आणि मग कायमची भोक पडते. वर्षअखेरीला सगळे अंक काढायचे, क्रम लावायचा, कमी असलेले मागवायचे, आणि गठ्ठा बाइंडरकडे. बांधून आलेल्या खंडाच्या पाठीवर नाव, वर्ष, खंड क्रमांक. आणि मग, हे महत्त्वाचं आहे, त्या खंडाची दाखलनोंद होते. त्याला दाखल क्रमांक मिळतो.

बांधणी होईपर्यंत सुटा अंक ग्रंथालयाच्या मालमत्तेत जवळपास नसतोच. तो वर्तमानपत्रासारखा, आला-गेला. दाखल क्रमांक पडला की तो खंड मालमत्ता होतो. हरवला तर चौकशी, काढायचा तर समिती, ठराव, रीतसर निर्लेखन. आमच्या भाषेत सांगायचं तर अंक येणं म्हणजे मेमरीत डेटा येणं आणि बांधणी म्हणजे कमिट. कमिट होण्याआधी वीज गेली की डेटा गेला. कुणाला कळतही नाही, कारण लॉगमध्ये काही नसतं.

आणि सगळीकडे पहिली कात्री कुठे लागते? बांधणीच्या खर्चाला. "आता ऑनलाइन आहे ना, बांधायचं कशाला." इंग्रजी जर्नल्ससाठी घेतलेला हा निर्णय सरसकट सगळ्यांना लागतो, कारण अंदाजपत्रकात 'बांधणी' हे एकच शीर्ष असतं. तिथे इंग्रजी बांधणी वेगळी आणि मराठी बांधणी वेगळी असं कुणी लिहीत नाही. इंग्रजीचं ऑनलाइन आलं म्हणून मराठीची बांधणी थांबली. इतकं साधं आहे हे, आणि इतकं मूर्खपणाचं.

एका महाविद्यालयात (नाव सांगत नाही, त्यांच्यासारखी बरीच आहेत) जुनी नियतकालिकांची माहिती नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरून द्यायला गेलो होतो. ओळखीतलं काम, फुकट. यादी उघडली तर मराठीतल्या बहुतेक त्रैमासिकांसमोर 'बंद' असा शेरा. मला वाटलं नियतकालिकंच बंद पडली असतील. तसं नव्हतं. आधीच्या सॉफ्टवेअरला प्रत्येक नियतकालिकाचं वेळापत्रक सांगावं लागायचं. त्रैमासिक म्हटलं की ते दर तीन महिन्यांनी एक अंक अपेक्षित धरायचं. आता आपली मराठी त्रैमासिकं काय चीज आहेत ते तुम्हाला माहीत आहे! जानेवारीचा अंक मे महिन्यात येतो. एप्रिल आणि जुलै मिळून जोडअंक. दिवाळीला विशेषांक, त्याला क्रमांकच नाही. मधेच एक वर्ष कागदाचे भाव वाढले म्हणून दोनच अंक. सॉफ्टवेअर बिचारं दर वेळी 'अंक आला नाही' म्हणून लाल खूण करत राहिलं. लाल खुणा फार झाल्या, अहवालात वाईट दिसायला लागल्या, म्हणून कुणीतरी वैतागून नियतकालिकाचीच स्थिती 'बंद' करून टाकली. अंक येत राहिले, रॅकच्या मागच्या कप्प्यात साठत राहिले, नोंद मात्र कुठेच नाही. संगणकाच्या मते ग्रंथालयात ते नव्हतेच.

हा दोष मी आमच्या जातभाईंच्या पदरात टाकतो. सिरियल्सचं मॉड्यूल लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर अमेरिकेतलं वक्तशीर जर्नल असतं. जोडअंक ही गोष्ट त्याच्या स्वप्नातही येत नाही. अनियमित नियतकालिकासाठी पर्याय असतो, नाही असं नाही, पण तो कुठल्या तरी तिसऱ्या टॅबमध्ये, आणि प्रशिक्षणात तो कुणी दाखवत नाही.

असो. पुढे नॅकची तयारी सुरू झाली. रंगरंगोटी, फ्लेक्स, आणि ग्रंथालयात 'ई-रिसोर्स सेंटर' करायला जागा पाहिजे. मग ते मागच्या कप्प्यातले गठ्ठे निघाले. मी विचारलं, निर्लेखनाचा ठराव वगैरे? ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "सर, त्यांना दाखल क्रमांकच नाही, मग निर्लेखन कशाचं करायचं?" बरोबर होतं त्यांचं. नियमात कुठेही चूक नाही. रद्दीवाल्याच्या पावतीवर फक्त वजन आणि भाव. कोणतं नियतकालिक, कोणत्या सालचं, काही नाही. त्याच दालनात इंग्रजी जर्नल्सचे चामडी पाठीचे खंड मात्र दिमाखात उभे होते, कारण त्यांना दाखल क्रमांक आहेत आणि ऑडिटर विचारतो. म्हणजे जे जगातल्या हजारो ग्रंथालयांत आहे ते आपण जपलं, आणि जे कदाचित फक्त आपल्याकडे होतं ते किलोवर विकलं.

मॅडमना मी दोष देत नाही. एकटी बाई, मदतनिसाची जागा कित्येक वर्षं रिकामी, वर प्रवेशाचं काम, परीक्षेचं काम. त्यांच्या कामाचं मोजमाप कशावर होतं ते बघा. नॅकच्या अहवालात ग्रंथालयाने काय सांगायचं? संगणकीकरण झालं आहे का, ई-जर्नल्स आहेत का, ई-शोधसिंधू, शोधगंगेचं सदस्यत्व आहे का, पुस्तकांवर आणि जर्नल्सवर वर्षाला किती खर्च केला, रोज किती लोक येतात. 'तुमच्या विभागातली कोणती नियतकालिकं तुम्ही सलग जपली आहेत?' असा प्रश्न विचारून त्याला गुण दिले असते, तर उद्या सकाळी बाइंडर शोधायला धावपळ झाली असती. जे मोजतात तेच होतं, सगळीकडेच.

मुळात 'ऑनलाइन आहे' याचा अर्थ 'आपल्याकडे आहे' असा होत नाही. आपण भाड्याने वाचतो आहोत. लॉगिन आपलं, फाइल प्रकाशकाच्या सर्व्हरवर. भाडं २०२७ च्या डिसेंबरपर्यंतचं मंजूर आहे. त्यानंतर करार वाढला नाही तर या तीन वर्षांतल्या अंकांवर आपला हक्क राहणार का, हे प्रत्येक विद्यापीठाच्या ग्रंथपालाने आत्ताच लेखी विचारून ठेवायला हवं. शेवटच्या आठवड्यात नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठाने फेब्रुवारी २०१९ मध्ये एल्सेव्हियरचा करार मोडला. जुलैपासून नवे अंक बंद झाले. तरी ते दोन वर्षं अडून बसले आणि मार्च २०२१ मध्ये स्वतःला मानवेल असा करार करून घेतला. अडून बसता आलं याचं एक कारण असं की २०१८ पर्यंतच्या बहुतेक लेखांवर त्यांचा कायमचा हक्क होता, तो त्यांनी आधीच्या करारांत लिहून घेतलेला होता. ज्याच्या घरात धान्य आहे तोच बाजारात घासाघीस करू शकतो.

आणि ज्या लोकांनी हे डिजिटल प्रकरण सुरू केलं त्यांनी काय केलं तेही बघण्यासारखं आहे. जेस्टोर १९९५ मध्ये निघालं ते मुख्यतः ग्रंथालयांच्या कपाटांची जागा वाचावी म्हणून. जुने खंड स्कॅन करायचे, म्हणजे प्रत्येक कॉलेजला ते ठेवायला नकोत. हाच आपल्या प्राचार्यांचा मुद्दा! पण जेस्टोरने कागद फेकला नाही. छापील संच हार्वर्ड आणि कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठ ग्रंथालयांच्या भांडारांत मुद्दाम जपायची व्यवस्था केली. दुसरं उदाहरण आमच्या बिरादरीतलं. स्टॅनफर्डच्या ग्रंथालयात व्हिक्टोरिया राइख या ग्रंथपाल आणि डेव्हिड रोझेन्थाल हा इंजिनिअर यांनी १९९९ च्या सुमारास 'लॉक्स' नावाची व्यवस्था उभी केली. त्या नावाचा अर्थच मुळी 'भरपूर प्रती असल्या की गोष्टी सुरक्षित राहतात' असा. प्रत्येक ग्रंथालय जर्नलची स्वतःची प्रत स्वतःच्या मशीनवर ठेवतं आणि या प्रती एकमेकींशी ताडून बघत राहतात, एखादी बिघडली तर दुसरीवरून दुरुस्त होते. म्हणजे कोट्यवधी डॉलर वर्गणी भरणाऱ्यांचाही प्रकाशकाच्या सर्व्हरवर विश्वास नाही. आमचा आहे!

सर्व्हरवरच्या गोष्टी जातात. २००० ते २०१९ या काळात वेबवरून पूर्ण नाहीशी झालेली मुक्त जर्नल्स काही संशोधकांनी शोधली, ती पावणेदोनशेच्या आसपास निघाली. २०२४ च्या सुरुवातीला मार्टिन ईव्ह यांनी डीओआय असलेले ७४ लाखांहून जास्त लेख-ग्रंथ तपासले. त्यांतले सुमारे २८ टक्के कुठल्याही ओळखीच्या जतन-भांडारात सापडले नाहीत. आपल्याकडचं उदाहरण हवं? डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया. सरकारी खर्चाने लाखो पुस्तकं स्कॅन झाली, त्यात मराठीची कितीतरी दुर्मीळ पुस्तकं होती. २०१७ च्या सुमारास कॉपीराइटच्या भानगडीत ती साइटच गेली. त्यातली लाखो पुस्तकं आज वाचायला मिळतात ती कार्ल मालमुद आणि त्यांच्यासारख्या लोकांनी इंटरनेट अर्काइव्हवर प्रती करून ठेवल्या होत्या म्हणून. आणि ज्यांनी ते स्कॅन वापरले आहेत त्यांना ठाऊक आहे: कडेची ओळ कापलेली, मधली आठ पानं गायब, मुखपृष्ठावर शिक्का आणि नाव रोमन लिपीत असं काही लिहिलेलं की लेखकाला स्वतःचं पुस्तक सापडणार नाही. अशा वेळी कागद हातात असेल तर पान परत स्कॅन करता येतं. कागद रद्दीत गेला असेल तर ते पान गेलं.

"मग स्कॅन करून टाकू आणि कागद काढून टाकू" असं सुचवणारे हुशार लोक भेटतात. त्यांना कायद्यातली एक गंमत सांगतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(न) नुसार, म्हणजे इंग्रजी 'एन'नुसार, नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता येते. अट एकच. त्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत ग्रंथालयाकडे असली पाहिजे. मराठी नियतकालिकांतल्या लेखांचे हक्क बहुतेक वेळा लेखकांकडे, त्यांच्या वारसांकडे; एकेकाची परवानगी घ्यायची म्हटलं तर जन्म जाईल. या सवलतीचा आधार घ्यायचा तर छापील अंक हातात हवा. तो विकला की स्कॅन ठेवण्याचा आधारही विकला.

जागा नाही, वाळवी लागते, कुणी वाचत नाही. या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पण त्यांचं उत्तर इंग्रजी कपाटांतून काढा ना! जे जेस्टोरवर आहे, जे शेकडो ग्रंथालयांत आहे, ज्याचा कायमचा हक्क आपल्याकडे लेखी आहे, त्याचे खंड रीतसर ठराव करून काढा. कुणाचंही काही बिघडणार नाही. त्या रिकाम्या फळ्यांवर मराठी बसवा. कुणी वाचत नाही म्हणाल तर बॅकअपही कुणी रोज उघडून बघत नाही.

पैशाचं तर बोलूच नका. ६,००० कोटी भागिले तीन वर्षं, म्हणजे वर्षाला २,००० कोटी. १.८ कोटी लोकांत वाटले तर माणशी अकराशे रुपये. ते योग्यच आहेत. आता पन्नास मराठी नियतकालिकं घ्या, प्रत्येकी वर्गणी हजार रुपये धरा (बहुतेकांची कमीच असते), झाले पन्नास हजार. बांधणीला खंडामागे तीनशे रुपये धरले तर आणखी पंधरा हजार. पासष्ट हजार रुपयांत एका विद्यापीठाचं मराठी नियतकालिकांचं वर्ष निघतं. एका राष्ट्रीय चर्चासत्राच्या जेवणावळीत जाते ही रक्कम. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा फटाके, पेढे, फ्लेक्स सगळं झालं. त्यात बाइंडरच्या लईची किंमतही कुणाला आठवली नाही.

माझं म्हणणं असं आहे. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांनी आपल्या पुस्तकांच्या प्रती कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली इथल्या चार ग्रंथालयांना द्यायच्या असतात. नंतर त्यात वृत्तपत्रंही आली. त्या चारांतलं एकही मराठवाड्यात नाही. तेव्हा इथलं ते इथेच जपावं लागणार. सुदैवाने आपल्याकडे दोन विद्यापीठं आहेत. २३ ऑगस्ट १९५८ ला सुरू झालेलं इथलं, आणि १९९४ मध्ये त्यातून वेगळं झालेलं नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ. मराठवाड्यातून निघालेल्या प्रत्येक नियतकालिकाचा एक पूर्ण बांधीव संच संभाजीनगरात आणि एक नांदेडात. दोन शहरं, दोन इमारती, अडीचशे किलोमीटरचं अंतर. आम्ही डेटा सेंटरसाठी यापेक्षा वेगळं काही करत नाही. बाकीच्या महाविद्यालयांनी सुटे अंक रद्दीत घालण्याआधी या दोघांना यादी पाठवायची, ज्यांच्या संचात भोक आहे त्यांनी मागून घ्यायचं. इन्फ्लिबनेटची 'इंडकॅट' नावाची संयुक्त तालिका आहे, त्यात नियतकालिकांच्या साठ्याची सोय आहे. तिथे 'खंड १ ते ३०' असं ठोकून न देता कोणते अंक नाहीत ते प्रामाणिकपणे लिहायचं.

हे फार मोठं काम वाटत असेल तर शं. ग. दाते आठवा. १८०० पासून छापलेल्या मराठी पुस्तकांची सूची करायचा ध्यास त्या माणसाने घेतला. १९३७ पर्यंतचा खंड १९४३ मध्ये आला, १९५० पर्यंतचा १९६१ मध्ये. ना संगणक, ना अनुदानाची खात्री. ग्रंथालयांमागून ग्रंथालयं पालथी घालून, चिठ्ठ्या लिहून केलेलं काम आहे ते. आज आपल्याकडे दोन विद्यापीठं, दोन्हीकडे पगारी माणसं आणि प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा.

तोपर्यंत तुम्ही-आम्ही काय करायचं? घरी, आजोबांच्या ट्रंकेत, बंद पडलेल्या वाचनालयाच्या माळ्यावर जुनी त्रैमासिकं असतील तर दिवाळीच्या साफसफाईत ती काढू नका. आधी यादी करा. एक्सेल नको, वही चालेल. रकाने पाच: नाव, साल, वर्ष-अंक क्रमांक, पानं पूर्ण आहेत का, आणि जोडअंक असेल तर कोणते महिने. यादीचे फोटो मला मेलवर पाठवा, सगळ्या एकत्र करायचं काम माझं. पहिली यादी जालन्याच्या एका निवृत्त शिक्षकांची येऊन पडली आहे, त्यात चौऱ्याऐंशी अंक आहेत आणि अकरा ठिकाणी त्यांनी 'शेवटचे पान नाही' असं लाल शाईत लिहिलंय.